सदतीसावी ओळ

शिशाची ती गुडदी, बुचासारखी गोल, साडेपंधरा मिलिमीटर लांब आणि बारा मिलिमीटर जाड होती. तिचं एक टोक गुळगुळीत होतं आणि त्यावर सरकारी ठशाची अर्धीच खूण उरली होती. दुसरं टोक खडबडीत, उंदराने कुरतडल्यासारखं. वजन एकोणीस ग्रॅम आणि आठशे मिलिग्रॅम. चौतीस वर्षांत तिच्यावर राखाडी थर धरला होता, पण वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. बाई वर्षातून एकदा ती औषधाच्या रिकाम्या बाटलीतून काढत, घरच्या तराजूत तोलत, आकडा पाहत आणि पुन्हा बाटलीत ठेवून देत. आकडा बदललेला निघावा अशी आपली इच्छा आहे की काय, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही.

बाईंचं खरं नाव आता फक्त दवाखान्याच्या केसपेपरवर उरलं होतं. सगळं शहर त्यांना तराजूबाई म्हणे. ज्यांचा त्यांच्यावर राग होता तेही तराजूबाईच म्हणत, फक्त सूर वेगळा असे.

तरुणपणी त्या वजनमापांच्या कचेरीत तपासनीस होत्या. त्या काळी लोकर बाजारातल्या प्रत्येक दुकानाला दोन दारं असत. पुढचं दार शहरातल्या माणसांचं. मागचं, गल्लीत उघडणारं, कालव्यापलीकडच्या माणसांचं. पलीकडची माणसं मेंढ्या राखत, लोकर कातरून विकायला आणत आणि गल्लीत उभं राहून गाठोडी आत देत. उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो मोडणं अवघड होतं. पण बाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. पुढच्या काट्यावरची वजनं आणि मागच्या काट्यावरची वजनं सारखी नव्हती. मागच्या दारातलं एक किलोचं वजन चाळीस, पन्नास, कधी साठ ग्रॅमने जड असे. म्हणजे पलीकडचा माणूस किलोभर म्हणून जी लोकर विकायचा, ती किलोहून जास्त असायची. गल्लीत उभं राहण्याचा अपमान कोर्टात मोजून दाखवता आला नसता. वजन मोजता येत होतं.

बाईंनी कचेरीची वजनपेटी खांद्याला लावली आणि सहा बाजारदिवसांत चौसष्ट दुकानांची मागची वजनं तपासली. ओळखपत्र दाखवल्यावर दुकानदाराला नाही म्हणता येत नसे. तो फक्त तोंड वाकडं करू शके. त्या चौसष्ट ओळींच्या तक्त्यावर खटला उभा राहिला आणि जिंकला. मागची दारं बंद करायचा हुकूम झाला. त्या निकालाचा आधार घेऊन शाळेतल्या वेगळ्या बाकांचा खटला लढला गेला, आणि शाळेच्या निकालावर इस्पितळातल्या वेगळ्या खोल्यांचा. बाईंची नोकरी गेली, चाळीस दिवसांचा तुरुंगवास झाला, खिडकीच्या काचा तीनदा फुटल्या. चौथ्यांदा त्यांच्या धाकट्या बहिणीने काचेऐवजी पत्रा ठोकून घेतला आणि म्हणाली, "आता मारा म्हणावं, निदान आवाज तरी मोठा येईल."

आता लोकर बाजाराच्या जुन्या इमारतीत स्मारक होत होतं आणि समोरच्या भिंतीवर तो तक्ता कोरायचा होता.

समितीचा कार्यवाह शनिवारी सकाळी कागदाची लांबलचक गुंडाळी घेऊन आला. तो कालव्यापलीकडचाच. त्याची आई त्या खटल्यातली पहिली साक्षीदार. ती साक्षीला उभी राहिली तेव्हा हा दोन वर्षांचा तिच्या कडेवर होता आणि न्यायाधीशांकडे बघून रडला होता. बाई त्याला अजून अरेतुरे करत.

"तपासून सही करायची आहे, बाई," तो टेबलावर गुंडाळी उलगडत म्हणाला. "पाथरवट सोमवारी सकाळी सुरू करतोय. एकदा कोरलं की खोडता येत नाही, तेव्हा नीट बघा."

"तिला नीट बघायला सांगतोस?" बहीण चहाचे कप ठेवत म्हणाली. "दूधवाला ती दिसली की मापाला हात लावत नाही. तिला म्हणतो, तुम्हीच ओता."

कार्यवाह हसला. बाईही हसल्या, पण त्यांची नजर कागदावर गेली होती. अनुक्रमांक, दुकानदाराचं नाव, वजनावरचा आकडा, प्रत्यक्ष वजन, फरक. पाच रकाने. अक्षर छापील होतं, तरी त्यांना त्यात आपलंच जुनं हस्ताक्षर दिसत होतं. एक ते बत्तीस त्यांनी बोट ठेवून वाचल्या. तेहतिसाव्या ओळीपाशी बोट मंदावलं. सदतिसाव्या ओळीवर थांबलं. तिथे फरकाच्या रकान्यात वीस लिहिलं होतं. सगळ्या तक्त्यातला सर्वांत लहान आकडा.

"ठेवून जा," त्या म्हणाल्या. "सोमवारी तिथेच देते."

"तिथेच द्या मग. आईही येणार आहे. डॉक्टर नको म्हणतात, पण ऐकते कुणाचं? म्हणते, भिंतीला हात लावल्याशिवाय मी कुठे जात नाही." त्याने कप बाजूला सरकवला. "तेवढ्यासाठीच थांबली आहे ती, बाई."

तो गेल्यावर बाई बराच वेळ त्या कागदासमोर बसून राहिल्या.

पितळी वजनाच्या बुडाला एक भोक असतं. वजन ओतताना ते नेमकं कधीच उतरत नाही, म्हणून मुद्दाम थोडं हलकं ओततात आणि त्या भोकात शिसं ठोकून कसर भरून काढतात. वर ठसा मारला की ते वजन खरं. कचेरीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला बाई पहिल्या दिवशी एकच नियम शिकवत. पडलेलं वजन वापरायचं नाही. आधी कचेरीतल्या मूळ वजनाशी ताडून पाहायचं, मगच बाहेर न्यायचं.

तिसऱ्या बाजारदिवशी संध्याकाळी, बत्तिसाव्या दुकानातून निघताना, गल्लीत कुणीतरी मागून धक्का दिला होता. पेटी दगडांवर आपटली, झाकण उघडलं, वजनं इकडेतिकडे घरंगळली. बाईंनी ती गोळा केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजार होता. मूळ वजन ज्या खोलीत होतं तिला कचेरीच्या साहेबांनी त्याच आठवड्यात नवं कुलूप घातलं होतं, आणि किल्ली मागायला गेलं की तपास थांबवणारी हरकतीची चिठ्ठी हातात पडणार होती. बाईंनी किलोचं वजन भिंगाखाली धरलं. वरून पाहिलं, चारी बाजूंनी पाहिलं. कुठे पोचा नव्हता. त्यांनी ते उलटं करून पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी अकरा दुकानं तपासली, तेहतीस ते त्रेचाळीस. त्यातल्या दहांची वजनं साठ, सत्तर, ऐंशी ग्रॅमनी जड निघाली. त्यांना वाटलं, बाजाराचा हा भाग जास्तच लबाड आहे. सदतिसाव्याचं वजन वीसने जड निघालं. नियमाप्रमाणे वीसही गुन्हाच होता. पाचव्या दिवशी पेटी खांद्याला टोचते म्हणून त्यांनी कचेरीतली दुसरी, लहान पेटी नेली.

बातमी फुटल्यावर बाजारातली जुनी वजनं दोन दिवसांत नाहीशी झाली. कालव्यात टाकली म्हणत. फक्त सदतीस नंबरवाला आपलं वजन फडक्यात गुंडाळून कोर्टात घेऊन आला. ते तोललं गेलं आणि चोख भरलं. तेव्हा खटला लढणाऱ्या वकीलसाहेबांनी बाईंना विचारलं, तुम्ही तपासलेलं वजन हेच का? बाई शपथेवर म्हणाल्या, "मी तपासलेलं वजन वीस ग्रॅमने जड होतं. म्हणजे हे ते नव्हे." सगळ्यांनी वजनं फेकली आणि याने बदलून आणलं, एवढाच त्याचा अर्थ झाला. सदतीस नंबरवाला खाली उतरताना त्यांच्याजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, "बाई, परत मोजा."

निकालाच्या आदल्या दुपारी बाई पहिली पेटी पुसायला बसल्या. आतल्या बनातीच्या अस्तराच्या शिवणीत काहीतरी कडक लागलं. बोट घालून काढलं तर शिशाची गुडदी. किलोच्या वजनाच्या बुडातलं भोक रिकामं होतं; चौथ्या दिवशी त्यांचंच वजन वीस ग्रॅमने हलकं होतं.

त्या उठून तशाच वकीलसाहेबांकडे गेल्या. वकीलसाहेबांनी गुडदी तळहातावर घेतली, दाराला आतून कडी लावली आणि म्हणाले, "दहा दुकानांतून वीस वजा केले तरी ती लबाडच उरतात ना? उरतात. एकच सुटतं. पण आज हे बाहेर काढलं तर उद्या चौसष्टच्या चौसष्ट सुटतील. निकाल लागू दे, मग सांगू." निकाल लागला. मग ते म्हणाले, अपील होऊ दे. मग शाळेचा खटला. मग इस्पितळाचा. दर वेळी बाई बाटली पर्समध्ये घालून जात आणि तशीच परत आणत. अकरा वर्षांपूर्वी वकीलसाहेब वारले. त्यानंतर बाईंना थांबा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि तरी त्या थांबल्या होत्या. हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कार्यवाह येऊन गेला त्या शनिवारी दुपारी दारावर टकटक झाली. बहिणीने उघडलं. बाहेर पन्नाशीची एक बाई उभी होती. ब्लाउजला पुढे चार टाचण्या खोचलेल्या, हातात जड पिशवी.

"शाळेचे गणवेश शिवते मी," ती म्हणाली. "पण त्यासाठी नाही आले. सदतीस नंबरची मुलगी."

बहिणीला काही उमगलं नाही. आतून बाई उभ्या राहिल्याचा आवाज आला. "आत येऊ दे त्यांना."

शिवणकामवालीने खुर्चीच्या कडेवर बसून पिशवीतलं गाठोडं काढलं. तेलकट फडकं सोडलं. आत लोखंडी वजन होतं, एक किलोचं, काळंभोर, गंजाचा ठिपका नाही.

"वडील दर पंधरा दिवसांनी तेल लावायचे. ते गेल्यावर मी लावते. आई म्हणायची, घरात तान्हं मूल असावं तसं चाललंय तुमचं." ती किंचित हसली. "समितीला मी चार पत्रं टाकली, बाई. उत्तर नाही आलं. आता भिंतीवर नावं कोरणार म्हणतात. माझी नात त्याच रस्त्याने शाळेत जाईल. एवढंच म्हणणं आहे, एकदा परत मोजा."

बाईंनी कपाटातून तराजू काढला. तो त्यांचा स्वतःचा होता, नोकरी गेल्यावर घेतलेला. त्यांनी तो समपातळीत ठेवला, पारडी पुसली, खिडकीचा पत्रा ओढून वारा बंद केला. एका पारड्यात आपलं वजन ठेवलं, दुसऱ्यात ते काळं वजन. काटा दोन्हीकडे हेलकावत राहिला, मग हळूहळू मध्ये आला आणि तिथेच राहिला. बाईंनी पारडी बदलून पुन्हा तोललं. पुन्हा मध्ये.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"ते मला माहीत आहे." शिवणकामवालीचा आवाज चढला नाही. "मग त्या दिवशी काय झालं होतं?"

बाईंनी तोंड उघडलं. बाटली मागच्याच कपाटात, हाताच्या अंतरावर होती. कुठूनतरी वकीलसाहेबांचा आवाज आला, मग कार्यवाहाचा, आई भिंतीसाठी थांबली आहे म्हणणारा. बाईंनी तोंड मिटलं.

शिवणकामवाली वाट बघत राहिली. मग तिने वजन फडक्यात गुंडाळलं, नीट, टोकं आत खोचून. "परवाना रद्द होऊन वडिलांचं दुकान गेलं ते गेलंच. पण पुढे काट्यावर त्यांना कुणी बसवलं नाही. लबाड वजनवाला म्हणायचे. शेवटपर्यंत गाठोडी उचलली त्यांनी. पाठ गेली." ती उठली. "ते काही देवमाणूस नव्हते, बाई. मागचं दार आमच्याही दुकानाला होतंच. ते मी नाकारत नाही. पण वजन खरं होतं."

ती गेली. तिचा चहा तसाच राहिला, वर साय धरून.

बहिणीने कप उचलले नाहीत. ती समोर बसली. "ताई, तू आत्ता मूग गिळून बसलीस ना, तशी तू याआधीही बसायचीस. वकिलाकडून आलीस की. मला वाटायचं, तुमचं दोघांचं काहीतरी आहे."

"काहीतरी म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुला कळतं. मी तर तुमच्या लग्नाला कुठलं पातळ नेसायचं तेही ठरवून ठेवलं होतं."

बाईंना हसू आलं आणि त्या हसण्यातच त्यांचा आवाज फाटला. त्यांनी उठून बाटली आणली, गुडदी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. बहिणीने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. तिच्या आयुष्यात हे प्रथमच घडत होतं.

"एवढीशी," शेवटी ती म्हणाली.

"एकोणीस ग्रॅम आठशे."

"तुझ्यासाठी मी नोकरी बदलली, घर बदललं, पत्र्याआड राहिले. त्याचं मला काही नाही. पण त्या बाईच्या तोंडावर तू बरोबर आहे म्हणालीस आणि पुढचं गिळलंस. हे तू नाहीस, ताई. निदान मी ज्या ताईबरोबर राहिले ती नाही."

बहिणीने कप उचलले आणि जाता जाता म्हणाली, "सांग असंही मी म्हणणार नाही, सांगू नको असंही नाही. नाहीतर पुढची चौतीस वर्षं तू माझ्या नावावर काढशील."

रविवारी बाईंनी कार्यवाहाला फोन लावला.

"समज, तक्त्यातली एखादी ओळ चुकीची निघाली तर?"

"छापायची चूक आहे का?"

"समज, मोजण्याची."

"बाई," तो सावकाश म्हणाला, "हल्ली काय चाललंय ते तुम्ही वाचता. खटलाच खोटा होता, पलीकडच्यांनी कांगावा केला, असं उघड बोलणारी माणसं आहेत. परवा इस्पितळात आईला एक जण म्हणाला, तुमची खोली तिकडे कोपऱ्यात होती ना पूर्वी? हसत म्हणाला. त्यांना एक ओळ मिळाली की ते भिंत पाडतील. असं काही असेल तर मला सांगू नका. मला माहीत नसलेलं बरं."

त्याची भीती खोटी नव्हती. त्याच्या बोलण्यातला शब्द न् शब्द बाईंना आधीपासून पाठ होता. हेच सगळं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मात्र त्यांना पहिल्यांदा एक गोष्ट दिसली. उद्यापासून हे ओझं एकट्या त्यांच्या पर्समध्ये राहणार नव्हतं, ते दगडात जाणार होतं. आणि कधीतरी कुणी तेल लावून जपलेलं ते काळं वजन त्या भिंतीसमोर नेऊन ठेवलंच, तर उत्तर द्यायला बाई नसतील. हा असेल, अजाण, त्यांच्या सहीवर विसंबलेला.

त्यांनी फोन ठेवला आणि बहिणीला हाक मारली. "गणवेश शिवणाऱ्या बाईंचं घर शोधशील? उद्या सकाळी त्यांना बाजारात घेऊन ये."

"काय सांगू त्यांना?"

"वजन घेऊन या म्हणावं."

सोमवारी सकाळी इमारतीत ओल्या दगडाचा वास होता. सगळी दुकानं मोडून एकच लांब दालन केलं होतं. एक मागचं दार तेवढं आठवण म्हणून ठेवलं होतं, चौकटीसकट, गल्लीकडे उघडणारं. समोरच्या भिंतीवर पाथरवटाने खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या. शीर्षक कोरून झालं होतं. तो पायाडावर बसून छिन्नी पारखत होता.

कार्यवाहाने आईला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. पहिली साक्षीदार आता मूठभर उरली होती, पण जीभ शाबूत होती.

"या तराजूबाई," ती म्हणाली. "जाड झालात. वजन कोण बघतं तुमचं?"

"कुणाची छाती आहे," बाई म्हणाल्या आणि तिचा हात हातात घेऊन तिच्याशेजारी बाकावर बसल्या.

म्हातारीने दालनभर नजर फिरवली. "सगळं पाडून टाकलं की रे. इथे वीस होतं, तिथे तीस. तो खांब दिसतो ना, तिथून सदतीसची रांग सुरू व्हायची."

"कसली रांग?" कार्यवाहाने विचारलं.

"कसली म्हणजे? आमची. सदतीसच्या मागच्या दाराला कायम गर्दी. पहाटे निघालं तरच नंबर लागायचा. बाकीच्या दारांशी कुत्रं नाही, आणि तिथे पार खांबापर्यंत माणसं. मी तर दोन दोन तास उभी राहायची, तुला पाठीला बांधून."

"का पण?"

"का काय, वजन बरं पडायचं तिथे." म्हातारीने पदर सारखा केला. "कोर्टात मला ते कुणी विचारलं नाही. आणि मीही बोलले नाही. म्हटलं, उभं तर त्यानेही गल्लीतच केलं ना आम्हाला."

कार्यवाहाने आईकडे पाहिलं, मग बाईंकडे. रविवारचा फोन त्याला आठवला असावा, कारण त्याचा चेहरा उतरला.

बाई त्या खांबाकडे बघत होत्या. चौथ्या दिवशी त्या तिथेच होत्या. रांग त्यांना दिसली होती. माणसांना बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणत, पेटी सांभाळत, त्या त्या रांगेतून वाट काढत दारापर्यंत गेल्या होत्या. तीस-चाळीस माणसं, त्यांच्या काट्याआधीच तोलून झालेलं उत्तर घेऊन उभी होती. बाईंनी ती मोजली नव्हती.

पुढच्या दारातून बहीण आत आली. तिच्यामागे शिवणकामवाली, हातात तीच जड पिशवी. ती उंबऱ्यापाशी थबकली, समोरची भिंत पाहिली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"सही झाली का, बाई?" पाथरवट वरून म्हणाला. "ऊन भिंतीवर आलं की अक्षर नीट दिसत नाही. पहिल्या ओळीपासून घेऊ?"

कार्यवाह बाईंच्या जवळ येऊन वाकला. "बाई," तो अगदी हळू म्हणाला, "आईसमोर नको."

"तुझ्या आईला माझ्याआधी माहीत होतं," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. गुंडाळी त्यांनी बाकावर उलगडली, पेन काढलं आणि तेहतीस ते त्रेचाळीस या ओळींतले दोन दोन आकडे एकेक करून दुरुस्त केले. मनगट त्यांनी बाकाला टेकवलं होतं. दहा ठिकाणी वीस वजा. सदतिसाव्या ओळीपाशी त्या थांबल्या, नवा आकडा लिहिला आणि शेजारी सही केली. मग पर्समधून बाटली काढून गुडदी त्या कागदावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि शिवणकामवालीकडे तोंड केलं. पण बोलल्या त्या पाथरवटाशी, कारण कोरणार तो होता.

"सदतीसावी ओळ गाळू नका," त्या म्हणाल्या. आवाज लहान होता, पण रिकाम्या दालनात तो मागच्या दारापर्यंत पोचला. "नाव तसंच राहू दे. प्रत्यक्ष वजन, एक हजार. फरकाच्या रकान्यात शून्य. आणि तळाला जागा आहे तिथे लिहा, की तेहतीस ते त्रेचाळीस या ओळी आधी चुकीच्या वजनाने मोजल्या होत्या. वजन पडलं होतं, ते मी ताडून पाहिलं नाही. आणि कळल्यावर चौतीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्याखाली माझं नाव घाला. तराजूबाई नको. खरं नाव घाला, मी सांगते."